मिऱ्यांच्या रोगाच्या गांवीं

आमच्या देवघराच्या खुंटीवर सासूबाईंचा सोवळ्याचा मुकटा अजून आहे. त्याचा मूळचा रंग आतां सांगतां येत नाहीं, आणि काठही दोन ठिकाणीं विरला आहे. तरी तो टाकून द्यावा असें घरांत कोणाच्या मनांत येत नाहीं. मीं तो कित्येक वर्षें धुतला, वाळत घातला, घडी करून ठेवला. पण त्याचा धागा कोणी काढला, आणि ज्या किड्यानें तो विणला त्याच्या जन्माची कथा काय, हा प्रश्न मला एकदांही पडला नव्हता. तो पडला गेल्या वर्षींच्या एका संकटामुळें. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही उभयतां फ्रान्सच्या दक्षिणेकडील एका डोंगराळ मुलखांत जाऊन आलों. त्या प्रवासाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

धाकट्या भावजींचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, मराठवाड्यांतील वडिलोपार्जित जमिनीवर तुती लावून रेशमाचे किडे पाळतो. पहिलीं दोन वर्षें त्याचें बरें चाललें. तिसऱ्या वर्षीं घाईच्या दिवसांत त्यानें एका विक्रेत्याकडून स्वस्तांत अंडीपुंज घेतले. तपासणीचा दाखला विक्रेत्यानें दिला नाहीं, आणि यानेंही मागितला नाहीं. किडे बाहेर आले, पाला खाऊं लागले, पण सारखे वाढेनात. एकाच रॅकवर कोणी करंगळीएवढा, तर कोणी काडीएवढा. कांहींच्या अंगावर मिऱ्याची पूड शिंपडावी तसे काळे ठिपके दिसूं लागले. तिसरी कात टाकण्याच्या सुमारास निम्मे किडे मेले. जाणत्या माणसानें येऊन पाहिलें, 'पेब्रिन' असें नांव सांगितलें, आणि सगळें पीक जाळून शेड धुवून काढावयास लावली.

थोरल्या भावजींना हा धंदा पहिल्यापासून पसंत नव्हता. "जीव उकळून धागा काढायचा, हें आपल्या घराला मानवायचें नाहीं, मीं सांगितलें होतें," असें ते चारचौघांत बोलले. पुतण्या कांहींच बोलला नाहीं. मात्र आमचें फ्रान्सला जाणें ठरल्यावर एके दिवशीं माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, हा रोग ज्या गांवीं पाश्चरसाहेबांनीं ओळखला, तें गांव तिकडेंच आहे म्हणतात. जमलें तर पाहून या. त्या लोकांचें सगळें बुडालें, तेव्हां त्यांनीं पुढें काय केलें, तेवढें मला सांगा. मग मी चालवायचें कीं सोडायचें तें ठरवीन."

जूनच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही मोंपेलिये शहरीं माझ्या भाचीकडे पोंचलों. आलेसला जावयाचें आहे असें म्हणतांच तिला हंसूं आलें. "मावशी, लोक आलेसला पाहायला जात नाहींत, तेथून पुढें डोंगरांत जातात," असें ती म्हणाली. पण आमचा आग्रह पाहून दोन दिवसांची रजा काढून तीही बरोबर निघाली.

नीम येथें गाडी बदलली. तेथून उत्तरेस निघाल्यावर प्रथम द्राक्षांचे मळे लागतात, मग ते विरळ होऊं लागतात आणि क्षितिजावर निळसर डोंगरांची रांग वर येते. हेच सेव्हेन डोंगर. त्यांच्या पायथ्याशीं गार्दों नदीच्या वळणांत आलेस वसलें आहे. जुन्या ग्रंथांत या नांवाचें स्पेलिंग निराळें आढळतें. आजचें १९२६ सालीं ठरविण्यांत आलें. एके काळीं आजूबाजूस कोळशाच्या खाणी चालत. त्या आतां बंद आहेत. शहर साधेंच आहे. पण येथील बागेंत लुई पाश्चर यांचा पुतळा उभा आहे, आणि तो बसविला गेला १८९६ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनाला वर्ष होतें न होतें तोंच. ज्या गांवचे ते रहिवासी नव्हते, त्या गांवानें एवढी त्वरा कां केली, हें समजण्यासाठीं या डोंगरांतील तुतीची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे.

या मुलखांत दोन झाडें पूज्य मानलीं गेलीं. एक चेस्टनट, त्याचीं फळें वाळवून गरीब लोक हिंवाळा काढीत, म्हणून त्याला 'भाकरीचें झाड' म्हणत. दुसरें तुती; तिला 'सोन्याचें झाड' म्हणत. ओलिव्हिये द सेर नांवाच्या शेतीशास्त्रज्ञानें १५९९ सालीं रेशमाच्या उत्पादनावर पुस्तक लिहिलें, आणि चौथ्या हेन्री राजानें तुतीच्या लागवडीस उत्तेजन दिलें. पुढें १७०९ सालच्या भयंकर हिंवाळ्यांत येथील असंख्य झाडें गोठून मेलीं, तेव्हां लोकांनीं त्यांच्या जागीं तुतीच लावली. डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्या आजही दिसतात. आपल्या कोंकणांतील वा मावळांतील पाहुण्याला त्या परक्या वाटणार नाहींत.

दुसऱ्या दिवशीं भाडोत्री मोटारीनें आम्ही सें-झां-द्यु-गार या खेड्यांत गेलों. तेथें 'मेझों रूज', म्हणजे तांबडें घर, या नांवाची रेशीम कातण्याची गिरणी होती. देशांतील ही शेवटची गिरणी १९६५ सालीं बंद पडली. २०१७ पासून त्या जागीं संग्रहालय आहे. तेथें या धंद्याची सर्व मांडामांड समजून घेतां येते. किडे वाढविण्याच्या उंच दगडी घराला 'मान्यानरी' म्हणत; कोंपऱ्यांत शेगड्या पेटवून आंतील हवा उबदार ठेवीत. गंमत अशी कीं, किडे वाढविण्याला फ्रेंच भाषेंत जो शब्द होता तोच शब्द मुलांच्या शिक्षणालाही आहे. आणि अंड्यांना ते 'बी' म्हणत. पंचवीस ग्रॅम बियांतून तीस-चाळीस हजार किडे निघत, आणि महिनाभरांत ते सुमारें एक टन पाला फस्त करीत. किडे चार वेळां कात टाकून मोठे झाले कीं रानांतील झुडपांच्या डहाळ्या उभ्या करून देत, आणि त्यांवर चढून ते कोष विणीत.

हें 'बी' उबविण्याचें काम बायकांचें असे. अंड्यांची लहानशी पिशवी त्या चोळीच्या आंत किंवा परकराखालीं बांधून ठेवीत, आणि रात्रीं उशाशीं उबेंत ठेवून निजत. कांहीं दिवसांनीं त्या अंगाच्या उबेनें किडे बाहेर येत. हें ऐकून मी जरा वेळ तेथेंच उभी राहिलें. आपल्याकडे ज्या वस्त्राला शिवूं नये म्हणून आम्ही जपतों, त्याच्या धाग्याचा आरंभ या बायकांनीं आपल्या हृदयाशीं धरून केला होता. आणि जेव्हां बी नासलें, तेव्हां पहिला संशय त्यांच्याच मनांत आपल्याविषयीं आला असेल: आपण ऊब कमी दिली काय, आपल्या हातून काय चुकलें?

चुकलें त्यांचें कांहींच नव्हतें. १८५३ सालीं फ्रान्समध्यें सुमारें २ कोटि ६० लक्ष किलोग्रॅम कोष पिकले होते. १८६५ सालीं ते जेमतेम ४० लक्ष किलोग्रॅम राहिले. किड्यांच्या अंगावरील काळ्या ठिपक्यांवरून कात्रफाज नांवाच्या पंडितानें या रोगास 'पेब्रिन' हें नांव दिलें. त्या प्रांताच्या बोलींत 'पेब्रे' म्हणजे मिरीं. लोकांनीं किड्यांना गंधकाची धुरी दिली, कोळशाची पूड व राख शिंपडली, पाल्यावर दारू शिंपडून पाहिली. कशाचाही गुण येईना. मग परदेशांतून बी आणण्याची धांव सुरू झाली. इटलीचें बी आणलें, तेंही नासलें; मग तुर्कस्तान, मग कॉकेशस, आणि शेवटीं जपान. ज्या ज्या देशाचें बी व्यापाऱ्यांनीं आणलें, तो तो देश थोड्याच वर्षांत रोगट झाला. व्यापार जसा पुढें सरके तसा रोग त्याच्या मागोमाग सरके. आमच्या पुतण्यानें घाईनें घेतलेल्या स्वस्त अंडीपुंजांची ही मूळ वंशावळ म्हणावयास हरकत नाहीं.

अशा वेळीं द्युमा नांवाच्या विख्यात रसायनशास्त्रज्ञानें आपला शिष्य पाश्चर यांस गळ घातली. द्युमा हे आलेसचेच; गांवच्या लोकांचे हाल त्यांना पाहवत नव्हते. पाश्चर म्हणाले कीं, मीं रेशमाच्या किड्याला कधीं हातही लावलेला नाहीं. त्यावर द्युमांचें उत्तर असें कीं, तें उत्तमच झालें. तुम्हांला स्वतः पाहाल तेवढेंच माहीत असेल. १८६५ च्या जूनमध्यें पाश्चर इकडे आले. वाटेंत आविन्यों येथें ते कीटकांचे थोर अभ्यासक फाब्र यांच्याकडे गेले, आणि मला कोष पाहावयाचे आहेत असें म्हणाले. कोष हातीं येतांच त्यांनीं तो कानाशीं धरून हालविला, आणि आंत कांहीं वाजतें आहे, आंत कांहीं आहे काय, असें आश्चर्यानें विचारलें. फाब्र चकित झाले. कोषांत किड्याचा पतंग घडत असतो, हेंही ज्याला ठाऊक नाहीं तो रोग बरा करावयास निघाला आहे! परंतु पुढें फाब्र यांनींच कौतुकानें लिहून ठेवलें कीं, अज्ञान निःशंकपणें कबूल करून आरंभ करणें हें या माणसाचें बळ होतें.

पाश्चर यांचें बिऱ्हाड आलेसच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशीं पों-झिस्के या एकांतांतील घरांत असे. १८६५ ते १८६९ असे पांच हंगाम त्यांनीं या मुलखांत काढले. त्यांचीं हीं पांच वर्षें वाचतांना आईच्या मनाला फार यातना होतात. पहिल्याच जूनमध्यें, येथें येऊन आठवडा-दीड आठवडा होतो तों, वडिलांच्या आजाराची तार आली. ते आर्बुआ गांवीं पोंचण्यापूर्वींच वडील गेले. त्याच सप्टेंबरांत दोन वर्षांची कामीय गेली. पुढील वर्षीं पत्नी मुलींना घेऊन आलेसला येत असतां वाटेंत शांबेरी येथें साडेबारा वर्षांची सेसील विषमज्वरानें पडली. पाश्चर धांवत गेले. तिला उतार पडतो आहे असें वाटून कामावर परत आले. आणि मागाहून ती गेली. थोरली मुलगी झान १८५९ सालींच विषमज्वरानें गेली होती. १८६८ च्या ऑक्टोबरांत पाश्चर यांनाच पक्षाघाताचा झटका आला आणि डावें अंग लुळें पडलें. तरी तीन महिन्यांत ते आलेसजवळच्या सेंत-इपोलित गांवीं पुन्हा कामावर हजर झाले.

त्यांनीं शोधलें काय, तें थोडक्यांत सांगतें. रोगट किड्याच्या अंगांत सूक्ष्मदर्शक यंत्रानें लांबट, चकचकीत असे सूक्ष्म कण दिसतात, हें इटालियन विद्वानांनीं आधींच पाहिलें होतें. नेगेली यांनीं १८५७ सालींच त्यांना 'नोसेमा बॉम्बिसिस' असें नांव दिलें होतें. हे कण म्हणजे बाहेरून आलेला परोपजीवी आहे, असें बेशां या फ्रेंच पंडितानें प्रथम ठासून सांगितलें. पाश्चर यांना आरंभीं तसें वाटलें नाहीं. किड्याचें शरीर बिघडल्यामुळें ते कण होत असावेत, असें त्यांचें मत होतें. पुढें स्वतःच्याच प्रयोगांनीं त्यांना आपलें मत सोडावें लागलें. थोर पुरुषाची चूक झांकण्यांत अर्थ नाहीं. ती सोडतां येणें हेंच त्याचें थोरपण.

परंतु कणांचें कुळ कोणतें हें ठरण्यापूर्वींच त्यांनीं उपायाची दिशा पकडली होती. रोग्याला बरें करण्याचें औषध त्यांनीं शोधलेंच नाहीं. रोग अंड्यांतून पुढच्या पिढींत जातो, तर अंडें घेण्यापूर्वीं आईच तपासावी, एवढाच त्यांचा विचार. प्रत्येक मादी पतंगाला निराळ्या फडक्याच्या तुकड्यावर अंडीं घालूं द्यावयाचीं. अंडीं घालून झालीं कीं ती मादी त्याच फडक्याच्या कोंपऱ्यांत टाचून ठेवावयाची. मग सवडीनें ती खलांत थोड्या पाण्याबरोबर घोटावयाची आणि त्यांतील एक थेंब यंत्राखालीं पाहावयाचा. कण दिसले तर फडकें अंड्यांसह जाळावयाचें. न दिसले तर तें बी ठेवावयाचें. बस्स, इतकेंच. शेतकऱ्याला हें यंत्र झेपणार नाहीं अशी तक्रार झाली, तेव्हां पाश्चर यांनीं उत्तर दिलें कीं, माझ्या प्रयोगशाळेंत आठ वर्षांची मुलगी हें काम विनासायास शिकली आहे. ती मुलगी म्हणजे त्यांची उरलेली लेक मारी-लुईझ. घरांत आई, मुलगी, शिष्य सगळे मिळून किडे निवडीत, पतंग घोटीत, टिपणें लिहीत. एका कुटुंबानें दुःखांतही एकत्र बसून केलेलें हें काम आहे.

बियांचे व्यापारी अर्थातच चिडले. पाश्चर यांना आलेसमधून दगड मारून हांकलून दिलें, अशा अफवाही उठल्या. त्यांचें उत्तर मोठें शांत होतें. त्यांनीं बियांचे चौदा नमुने तपासून, कोणता जगेल व कोणता मरेल याचें भाकित आधींच लिहून, लखोटा बंद करून सेंत-इपोलितच्या नगराध्यक्षांकडे ठेवला. हंगाम झाल्यावर लखोटा उघडला, तों चौदांपैकीं बारा भाकितें तंतोतंत उतरलीं. १८७० सालीं त्यांचा या विषयावरील ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

त्या कणांचें रहस्य आज पुष्कळ उलगडलें आहे. त्यांच्या जातीला 'मायक्रोस्पोरिडिया' म्हणतात. पूर्वीं त्यांची गणना आदिजीवांत होत असे. आतां ते बुरशीच्या कुळांतले ठरले आहेत. अशा दीड हजारांहून अधिक जाती ठाऊक झाल्या आहेत. रेशमाच्या किड्यांतील एक बीजाणु मिलिमीटरच्या तीन-चार हजारांशांएवढा असतो; पण त्याच्या पोटांत एक बारीक नळी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. पाल्याबरोबर तो किड्याच्या आंतड्यांत गेला कीं ती नळी एकदम बाहेर सुटते, जवळच्या पेशींत घुसते, आणि तिच्यांतून बीजाणूचा सगळा जीवद्रव पेशींत उतरतो. तेथें त्याचे शेंकडों होतात, आणि ते शरीरभर पसरून शेवटीं मादीच्या अंडाशयांत शिरतात. म्हणजे जन्मण्यापूर्वींच लेंकराच्या वांट्याला रोग येतो.

सें-झांच्या वरच्या अंगाला ज्या घरीं आम्ही उतरलों होतों, तेथील वृद्ध यजमान मधमाशा पाळीत. परसांत चेस्टनटच्या पोकळ खोडाचीं जुनीं पोळीं उभीं होतीं, आणि प्रत्येकावर पावसासाठीं शिळेची फरशी ठेवलेली. चेस्टनट नुकता फुलूं लागला होता. डोंगरभर त्याचा उग्र वास होता, आणि त्या फुलांचा काळसर, किंचित् कडवट मध त्यांनीं आम्हांला पावाबरोबर दिला. आम्ही कशासाठीं आलों हें ऐकून ते म्हणाले, "नोसेमा काय, तो माझ्याही घरीं आहे." आणि मग भाचीच्या दुभाषीपणानें दोन तास तोच विषय चालला.

मधमाशीच्या पोटांतले असेच बीजाणु १८५७ सालीं जर्मनींत दिसले होते. १९०९ सालीं एर्लांगन येथील त्सांडर यांनीं त्यांना 'नोसेमा एपिस' हें नांव दिलें. येथें मात्र रोगाची चाल निराळी आहे. राणीमाशीच्या अंड्यांतून तो पिलांत जात नाहीं. तो मोठ्या माशीच्या जठरांत वाढतो आणि विष्ठेंतून बाहेर पडतो. थंडींत बाहेर जातां न आल्यानें माशा पोळ्यांतच घाण करतात. ती साफ करणाऱ्या कामकरी माशीच्या तोंडांत बीजाणु जातात. ती मरत नाहीं, पण अकालीं म्हातारी होते. पिलांना भरविण्याचा रस तिच्या अंगीं नीट येत नाहीं, आणि ती लवकर संपते. बाहेरून धडपणें ओळखूं येत नाहीं. वसंत ऋतूंत पोळें हळूहळू ओसाड होतें एवढेंच. "म्हणून मी साठेक माशांचीं पोटें पाण्यांत घोटून एक थेंब तपासावयास पाठवितों," असें यजमान म्हणाले. खल, पाणी, थेंब आणि भिंग. दीडशें वर्षांनंतर तीच रीत.

मग थोडें थांबून ते भाचीला कांहीं म्हणाले. ती सांगावयास संकोचत होती. मीं आग्रह केला तेव्हां कळलें: "आतां माझ्याकडे जो नोसेमा आहे, तो या तुमच्या पूर्वेकडच्या माशीचा." गोष्ट खरी आहे. १९९६ सालीं चीनमधील आशियाई माशींत नोसेमाची निराळी जात सांपडली. तिला त्या माशीवरून 'सेराने' हें नांव मिळालें. दहा वर्षांच्या आंत ती तैवानांत आणि स्पेनमध्यें युरोपीय माशींतही दिसून आली, आणि आज ती जगभर आहे. आपल्या सह्याद्रींतील सातेरी माशी त्याच आशियाई जातीची. महाबळेश्वराजवळच्या मांघरला, ज्या खेड्याला २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून मान मिळाला, तेथें पेट्यांत नांदते तीच ही. मीं भाचीकरवीं त्यांना उत्तर दिलें, "आमची माशी आपण होऊन इतक्या दूर आली नाहीं. माणसानें तुमच्या माशा तिच्या शेजारीं नेऊन ठेवल्या, आणि पेट्यांची नेआण केली." म्हाताऱ्यानें मान डोलावली आणि म्हटलें, "बियांचे व्यापारीही असेंच करीत." त्या एका वाक्यांत किडा आणि माशी, दोहोंचीही कथा आली.

औषध आहे काय, असें मीं विचारलें. एका बुरशीपासून काढलेलें फ्युमॅजिलिन नांवाचें औषध कांहीं देशांत वापरतात. पण तें बीजाणूंना मारीत नाहीं, आणि मधांत उतरण्याची भीति असते. यजमान त्यावर विसंबत नाहींत. जुनीं पोळीं काढून नवीं देणें, रिकाम्या चौकटींना तीव्र व्हिनेगर-आम्लाची वाफ देणें, राणी तरुण ठेवणें, पेटी उन्हाच्या कोरड्या जागीं मांडणें आणि दुबळें पोळें सशक्त पोळ्यांत न मिसळणें, हाच त्यांचा उपाय. किड्याच्या रोगांत आईची परीक्षा, तर माशीच्या रोगांत घराची स्वच्छता; पण दोन्हींत आधीं नीट पाहणें आलें. आणि हें कुळ सर्वस्वीं वाईट आहे असेंही म्हणतां येत नाहीं. त्यांतील एक जात टोळ व नाकतोडे आवरण्यासाठीं मुद्दाम पसरतात. आणि केनियांतील डासांत सांपडलेली दुसरी एक जात डासाच्या अंगांत मलेरियाच्या जंतूला वाढूं देत नाहीं, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालें आहे.

निघण्याच्या आदल्या सांजेस आम्ही बांधावरच्या एका जुन्या तुतीखालीं बसलों. फळें पिकून गळलीं होतीं आणि उचलणारें कोणी नव्हतें. पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें द्यावयाचें होतें, आणि तें मी वाटलें होतें तितकें गोड नव्हतें. पाश्चर यांनीं किडे वांचविले, पण येथला धंदा कायमचा वांचला नाहीं. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला, पूर्वेचें स्वस्त रेशीम आलें, मागून कृत्रिम धागा आला, आणि हीं दगडी घरें एकेक करून रिकामीं झालीं. रोग गेला तरी बाजारभावावर भिंग चालत नाहीं. त्या रीतीचा खरा वारसा येथें उरला नाहीं. तो जपान, चीन आणि आपला देश यांच्याकडे आला. आपल्याकडील अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत आजही मादी पतंग घोटून यंत्राखालीं तपासतात, आणि त्यांत दोष न दिसला तरच 'रोगमुक्त अंडीपुंज' असा शिक्का बसतो. पुतण्यानें जो दाखला मागितला नव्हता, तो कागद पों-झिस्केच्या त्या घरांतून निघून दीडशें वर्षांचा प्रवास करून त्याच्या दारापर्यंत आलेला होता.

घरीं आल्यावर मीं त्याला सर्व सांगितलें; धंदा बुडाल्याचेंही लपविलें नाहीं. तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काकू, बाजाराचें माझ्या हातीं नाहीं, पण बियाचें होतें." थोरले भावजी ओटीवर झोंपाळ्यावर होते. जीव उकळण्याचा त्यांचा आक्षेप मी खोडूं शकलें नाहीं, आणि खोडावयाचा प्रयत्नही केला नाहीं, फक्त देवघरांतल्या मुकट्याकडे बोट दाखवून म्हटलें, "तो नेसून आपण वर्षानुवर्षें पूजा केली. त्या पापाचा वांटा आपणां सर्वांचा आहे, एकट्या पोराचा नाहीं." त्यावर ते कांहीं बोलले नाहींत.

पुतण्यानें शेड पुन्हा धुतली, चुना दिला, एक हंगाम रिकामी ठेवली, आणि दिवाळीनंतर अवघ्या पन्नास अंडीपुंजांनीं नवा आरंभ केला. पहिला पुडा घरीं आला त्या दिवशीं आम्ही सगळे ओटीवर होतों. तो आंत जाऊं लागला, तेव्हां थोरल्या भावजींनीं झोंपाळा पायानें थांबविला आणि विचारलें, "आईचा दाखला पाहिलास ना रे?"

त्यानें खिशांतून कागद काढून त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत दोनदां वाचला, आणि घडी करून परत केला.